आप्पांचा पहिला रस्सा

रविवारी आमच्या बेळगुंदीच्या घरात आप्पांनी पन्नास वर्षांत पहिल्यांदा गॅस पेटवला. आप्पा म्हणजे आमचे हे. पोरं आप्पा म्हणतात म्हणून मीही तसंच लिहिते... नाव घ्यायची सवय नाही.

झालं काय, गोठ्यात पाय घसरून माझा उजवा हात मोडला. दीड महिन्याचं प्लास्टर. हे पण डाव्या बोटानं लिहितेय, चुकलं तर सांभाळून घ्या. तशी शाळा चौथीपर्यंतच.

बेळगावातून आमच्या मारुतीचा फोन आला... दोघं बॅगा भरून ठेवा, रविवारी न्यायला येतो, हात बरा होईस्तोवर माझ्याकडं राहायचं. पोराचंही चुकलं नव्हतं. बाप साधा चहा करत नाही, मग खाणार काय? बॅगा भरून दारात ठेवल्या खऱ्या, पण म्हैस गाभण, तिला दुसऱ्याच्या दारात बांधून जायचं माझ्या जिवावर आलं. आणि आप्पांना त्या तिसऱ्या मजल्यावर झोप लागत नाही, नुसते बाल्कनीत उभे राहतात.

आप्पा म्हणाले, "कोंबडी मी करतो. तू नुसती तोंडानं सांग. पोरगं जेवून गप परत जाईल."

सकाळी बॉयलर कोंबडी आणली. गावठी शिजायला वेळ घेते, म्हटलं शिकाऊ माणसाला हेच बरं. धुऊन हळद-मीठ लावलं. कांदा चिरताना डोळ्यांना जी धार लागली... तेवढी तर लग्नात माझी आईही रडली नव्हती. खोबरं जाळलं, ते टाकून दुसरं भाजलं. तेवढ्यात शेजारची शेवंताक्का हात बघायला आली आणि मी बाहेर गेले. आमचं दोघींचं बोलणं म्हणजे... असो.

परत येऊन चाखलं, तर नुसतं मीठ! आप्पांनी कांदा-लसणाची चटणी घातली आणि वर मूठभर मीठ. आमच्याकडं ही चटणी वर्षाची करतात, कांडतानाच तिच्यात मीठ पडतं. गंमत म्हणजे दर उन्हाळ्यात त्यासाठी खडेमीठ आणून देतात ते आप्पाच.

"चटणीत मीठ असतंय व्हय?"

"मग इतकी वर्षं आणलेलं मीठ काय म्हशीला चारलं?"

तोवर दारात मारुतीची गाडी थांबली. मी हळूच सांगत गेले, आप्पा करत गेले. निम्मा रस्सा काढून ठेवला, गरम पाणी ओतलं, दोन बटाटे फोडी करून टाकले, नारळाचं दूध पिळून घातलं. भात बिनमिठाचा. भाकरी मात्र शेवंताक्काच्या, खोटं कशाला बोलू...

मारुती जेवायला बसला. मी त्याच्या तोंडाकडं बघत होते, आप्पा त्याच्या ताटाकडं. पोरगं खाली मान घालून भात कालवत होतं. तिसऱ्यांदा भात घेतला तेव्हा म्हणाला, "आई, मोडक्या हातानं एवढा रस्सा केलास कसा?"

"मी न्हाय केला. तुझ्या आप्पांनी केला."

मारुतीची वाटी तशीच हातात राहिली. मग उठला, हात धुतले, आणि दारातल्या दोन्ही बॅगा उचलून आत कपाटाजवळ ठेवल्या. रोज फोन करणार, उपाशी बसलाय असं कळलं तर ऐकणार नाही, एवढं बजावून गेला.

माझा जीव भांड्यात पडला. खरं सांगू, घोर ह्या दीड महिन्याचा नव्हताच... माझ्या मागं ह्यांचं कसं होणार, तो होता.

काल सकाळी चहाही त्यांनीच आणून दिला. साखर घालायला विसरले होते. मी दोन कप प्याले.