गार्डवर न फुटलेला नारळ

ऑपरेटर शेषरावांचा हात फिरत्या रोलरपासून वीतभर अंतरावर होता आणि मशीनचं लोखंडी गार्ड भिंतीला टेकवून ठेवलेलं होतं. खामगावच्या एका जिनिंगमध्ये मी मेंटेनन्स इंजिनीयर होतो. जिनिंग म्हणजे कापसातून सरकी वेगळी करणं. कापूस अडकला की ऑपरेटर चालू मशीनमध्येच हात घालतो. तो हात आत जाऊ नये म्हणून गार्ड.

मी चांगलाच तापलो. शेषराव शांतपणे म्हणाले, "साहेब, गार्डामागं काहीच दिसत नाही. कापूस कुठं गुतला ते पाहाले काढाच लागते."

माणूस बरोबर बोलत होता. मी जिनिंगचे मालक शेठजी यांच्याकडे पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक गार्ड मागितलं. काच फुटून तुकडे कापसाच्या गाठीत गेले तर माल परत येईल, असं म्हणून त्यांनी विषय झटकला. मी समजावलं, ही काच नाही, प्लॅस्टिक आहे. आरपार दिसतं, वजन काचेच्या निम्मं. मार बसला की फुटत नाही, किंचित वाकून पचवतं. पोलिसांची पारदर्शक ढाल याचीच, गाडीच्या हेडलाइटवरची 'काच'ही हीच. उणिवा दोनच: ओरखडे लवकर पडतात आणि थिनरनं पुसलं तर तडे जातात. शेवटी एका मशीनपुरती परवानगी मिळाली.

पुढच्या सीझनआधी खंडेनवमीला मशीनची पूजा झाली. हळदकुंकू वाहून शेषरावांनी सवयीनं नारळ आपटला, तो थेट नव्या गार्डवर. नारळ उसळून परत आला. पुन्हा आपटला, पुन्हा तेच. पूजेचा नारळ फुटेना म्हणजे अपशकुन. शेठजी माझ्याकडे बघायला लागले. आता हे गार्डही निघणार आणि शेषरावांचा हात पुन्हा आत जाणार, असं मला वाटलं.

शेषरावांनी गार्डवरून अंगठा फिरवला. बारीक चरा होता, तडा नव्हता.

"शेठजी, याले राहू द्या," ते म्हणाले. "यानं नारळाले आत नाही जाऊ देल्लं, तं माह्या हाताले काऊन जाऊ देईन?"

नारळ खाली मशीनच्या सिमेंटच्या फाउंडेशनवर फोडला. शेठजींनी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकता टाकता बाकीच्या मशीनांसाठी शीट मागवायला सांगितलं. त्यानंतर गार्ड काढून ठेवलेलं मला कधी दिसलं नाही. या प्लॅस्टिकचं मला अजून कौतुक वाटतं, आणि ते मजबुतीपेक्षा पारदर्शकपणाचं जास्त. मजबूत तर लोखंडही होतं. पण ज्याच्यातून काम दिसत नाही, ते गार्ड माणूस साहेबाची पाठ फिरली की काढून ठेवतो.