आडवा वेल्डर

तेलाच्या तेजीत सौदीतल्या तबूकला मी एका कंपनीच्या कॅम्पाचा डॉक्टर होतो. माझ्या सहीशिवाय कामगाराला हॉस्पिटल नाही, आणि सह्या जास्त झाल्या की मॅनेजर डोळे वटारायचा. चिपळूणचा एक वेल्डर प्रत्येक आजाऱ्याला घेऊन यायचा. दारातच दटावायचा, "हसू नको रे मेल्या! डॉक्टरला वाटंल बरा हायस."

एकदा पोट धरून आलेल्या सुताराला मी गोळ्यांवर वाटेला लावत होतो, तर हा बुटांसकट तपासणीच्या खाटेवर आडवा झाला.

"ह्याला हॉस्पिटलात धाडा, मगच उठतो. तोवर बाकीच्यांना माझ्या अंगावर निजवून तपासा!"

रांग खिदळली. मी चिडून सही केली.

अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं. खरं सांगतो, पोटाला हात लावतानाच मला ते कळलं होतं. मॅनेजरला सांगायला फक्त कारण हवं होतं.