यीस्टच्या डिशची झाकणं

हसायचं नाही, अशी अट घातली तर तुम्ही ऐकणार थोडेच? हसा! असला वेंधळेपणा अख्ख्या चिंचवडात कुणी केला नसेल.

तेव्हा मी एमएस्सीला होते. आमच्या लॅबमध्ये सदा पावाच्या पिठासारखा आंबूस वास. अजून बेकरीपाशी तो आला की पाय थबकतात बघा!

मी यीस्ट वाढवायचे. एका पेशीच्या दोन होताना गुणसूत्रांच्या जोड्या सुटतात, दोन्हीकडे सारखी वाटणी होते. वेळ येईपर्यंत या जोड्या धरून ठेवायला काही प्रोटीन्स असतात. त्यातलंच एक मी काढून टाकलं होतं. म्हणजे वाटणीत गोंधळ आणि यीस्टचे हाल, हे ठरलेलं!

दोन डिशा होत्या. एकीत साधं यीस्ट, दुसरीत माझं. सकाळी दोन्हींची झाकणं काढली आणि बाबांचा फोन आला. चाकणच्या कंपनीतून, शिफ्ट संपवून. "नाश्ता केलास का गं?" बोलता बोलता झाकणं लावली, मग पाहिलं, तर माझं यीस्ट नुसतं फोफावलेलं! आणि साधं मरतुकडं.

शंका यावी की नाही? छे! मला शोध लागला होता!

"बाबा, ते प्रोटीन लागतच नाही! सगळी पुस्तकं बदलावी लागणार!"

"आं? मग आता परत नवी पुस्तकं घ्यायची?"

फोन ठेवला आणि सरांना अक्षरशः ओढत आणलं. सर चष्मा पुसून पुसून बघतायत, मी पुस्तकांचं सांगतेय. लॅब झाडणाऱ्या मावशी, निघोजे गावच्या, शेजारीच कट्टा पुसत होत्या.

"ताई, नाव झाकणावर का लिवलंय?"

"मग कुठे लिहायचं?"

"भांड्यावर! लग्नातल्या डब्यावर नाव घालत्यात, झाकणावर न्हाई. झाकणं बदलत्यात. मगाशी फोनवर तुमीच ह्याचं त्याला लावलंत. म्या बघितलं की!"

सर माझ्याकडे बघू लागले. मी डिशकडे.

"पुस्तकं राहू देत आहेत तशीच," एवढंच म्हणाले आणि गेले. मावशींनी मात्र माझ्यासाठी चहा आणला. तसा चहा नंतर कधी मिळाला नाही हो.

मग मी शहाणी झाले. नव्या डिशा, नाव थेट बुडावर, ठळक! दोन दिवसांनी मोठ्या दिमाखात डिशा बाहेर काढल्या. बुडं कोरी, बोटं निळी!

पांढऱ्या फळ्याच्या मार्करनं लिहिलं होतं मी.