कुठे जातं?

आमच्या दाजींइतका संतापी माणूस यमुनेच्या अलीकडे नाही आणि पलीकडेही नाही. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेव्हा आता शत्रू संपले असं आम्हाला वाटलं. पण गुडगावच्या बाहेर काही हौशी मराठी मंडळींनी जुन्या काळचं घर उभारलं. चूल पेटते, उखळात कांडतात, लोक येऊन बघतात. दर रविवारी तिथे राबायला दाजी जाऊ लागले आणि त्यांना ताजे शत्रू मिळाले. उंबऱ्याच्या आत हिंदी बोलायचं नाही, हा नियम त्यांचाच. समितीच्या अध्यक्षीणबाई एकदा "चलो, चहा घेऊ या" म्हणाल्या, तर त्यांना बाहेर काढून पुन्हा आत यायला लावलं. चुलीमागे लपवलेली गॅसची शेगडी स्वतः उचलून रस्त्यावर नेऊन ठेवली. मी खलबत्त्याला 'ते कुटायचं' म्हणालो, तर चारचौघांत म्हणाले, "शब्द विकून खाल्लेत काय?" खरं सांगतो, मला या माणसाची चीड येते.

गेल्या रविवारी त्यांनी नातीला आणवलं. पोर दिल्लीत वाढलेली. तिच्यासाठी दाजींनी स्वतः ज्वारी निवडून ठेवली होती.

"आजोबा, हे काय?"

"जातं."

"अच्छा. पण कुठे जातं?"

सगळं घर हसलं. दाजी भडकले. आधी हसणाऱ्यांवर, मग दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलावर, तिच्या बापावर. "पोरीला एवढा शब्द देता आला नाही तुला?"

मला राहवलं नाही. "दाजी, हा लहान होता तेव्हा तुम्ही सीमेवर. याला तरी कोणी दिला?"

दाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चपला शोधू लागलो.

नात तोवर जात्यापाशी बसली होती. खुंटा धरून म्हणाली, "इथल्या मॅम म्हणाल्या, दळताना बायका गाणं म्हणायच्या. ते शिकवा ना, आजोबा."

"ओवी म्हणतात त्याला!" दाजी ओरडले. मग थांबले. "आई म्हणायची, पहाटे. मी तिच्या मांडीवर झोपलेला असायचो. एकही पुरती ऐकली नाही."

ते नातीसमोर बसले आणि खुंट्यावर हात ठेवला. बराच वेळ नुसती दगडाची घरघर चालली होती, आणि कोणावर ओरडावं हे दाजींना सुचत नव्हतं.