तडी की, पाव्हणं

जी वस्तू अजून जन्मालाच आलेली नाही, तिची खडानखडा माहिती असलेला माणूस अख्ख्या सोलापुरात एकच आहे, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा आहे. जगाच्या पाठीवर कुठल्याशा बंद खोलीत पुढच्या वर्षीचा प्रोसेसर नुसता कागदावर उतरू दे. त्याला कोअर किती, तो तापणार किती, जुन्या बोर्डावर बसणार की बोर्डही भंगारात घालावा लागणार, हे आमच्या दाजींना तो बनवणाऱ्यांच्या आधी कळतं. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात त्यांनी जन्मभर स्टोअर सांभाळलं, म्हणजे आलेल्या मालाची नोंद ठेवली. रिटायर झाल्यापासून न आलेल्या मालाची ठेवतात. रोज सकाळी सातच्या ठोक्याला मला त्यांचा फोन येतो. ना नमस्कार, ना चहा झाला का. थेट, "पाव्हणं, ऐकलं का?" पूर्वी या फोनचा मला वैताग यायचा. आता सातावर पाच मिनिटं गेली आणि फोन वाजला नाही, की मीच घड्याळ आणि फोन आळीपाळीनं बघत बसतो.

दाजी मूळचे सीमेवरच्या मैंदर्गीचे. तिकडं माणूस एक वाक्य मराठीत सुरू करतो आणि कन्नडमध्ये संपवतो, आणि मधे कुठं सांधा होता हे ऐकणाऱ्याला कळतही नाही. दाजींनी मात्र एवढी वर्षं सोलापुरात काढून बाकीचं कन्नड घरापुरतं ठेवलं आणि एकच शब्द बाहेर आणला, तो म्हणजे 'तडी'. तडी म्हणजे थांब. कुणी कॉम्प्युटर घ्यायचं नुसतं मनात आणलं की दाजी उजव्या हाताचा पंजा वर करतात आणि म्हणतात, "तडी! पुढचा यायलाय." या एका शब्दाच्या जोरावर त्यांनी शुक्रवार पेठेतली निम्मी घरं कॉम्प्युटरविना ठेवली आहेत. लोकांची मुलं शाळेतून कॉलेजात गेली, कॉलेजातून नोकरीला लागली, तरी घरात कॉम्प्युटर म्हणून आला नाही. कारण दाजींच्या हिशेबानं तो अजून यायचाच आहे.

या तडीचा सगळ्यात मोठा बळी मी. माझा लग्नपत्रिका छापून देण्याचा धंदा आहे, मराठी आणि कन्नड दोन्ही. सात वर्षांपूर्वी मी नवीन मशीन घ्यायला निघालो होतो, चपला घातल्या होत्या हो! दाजींनी उंबऱ्यावर अडवलं. तेव्हापासून जुन्यावरच ओढतोय. सकाळी मी बटण दाबतो, आंघोळ करतो, देवाला फुलं वाहतो, चहा पिऊन परत येतो, तरी पडद्यावर ते गोल चक्र आपलं फिरतंच असतं. एकदा तर एक पत्रिका उघडेपर्यंत मुलीकडच्यांनी मुहूर्त बदलला. "बघा," दाजी म्हणाले, "फास्ट मशीन असतं तर जुन्या मुहूर्ताची छापून मोकळं झाला असता की तुमी. फुकट गेली असती सगळी." आता बोला!

गेल्या वर्षी मी जिवाचा धडा करून त्यांना कॉम्प्युटरच्या दुकानात घेऊन गेलो. काउंटरवर नवीन पोरगी होती, पुण्याकडची असावी, बोलायला एकदम नम्र. ती एकेक मॉडेल दाखवी आणि दाजी पंजा वर करून "तडी" म्हणत. चौथ्या तडीला ती आत जाऊन मालकांना विचारून आली आणि म्हणाली, "सर, तडी आत्ता स्टॉकमध्ये नाहीये, पण मागवून देऊ शकतो. आठ दिवस लागतील." मला हसू आवरेना. दाजी मात्र गंभीर. बाहेर आल्यावर मला म्हणतात, "बघितलं? आठ दिवसांत यायलाय म्हणं. आज घेतलं असतं तर फसलो असतो."

अक्काचं, म्हणजे माझ्या बहिणीचं, काय होत असेल कल्पना करा. दाजी मोबाइलवर बातम्या बघतात. त्यात कंपनीनं लपवलेली माहिती फुटली की तिला लीक म्हणतात. एके दिवशी दाजी खुर्चीतूनच ओरडले, "अगं, लीक झालं गं, लीक झालं!" आमच्याकडं पाणी रोज येत नाही, भरून ठेवलेली टाकी म्हणजे घरातलं सोनं. अक्का पिठाच्या हातानं जिना चढून गच्चीवर धावली, टाकीभोवती तीन प्रदक्षिणा घातल्या, नळ चाचपले, आणि धापा टाकत खाली आली. दाजी म्हणाले, "टाकी न्हाय गं, चोवीस कोअरवाला!" त्या दिवशी त्यांना भाकरी मिळाली, कालवण मिळालं नाही.

आणि एवढ्या जाणकार माणसाचा स्वतःचा कॉम्प्युटर कसा असेल? सांगतो. दिवाणखान्यात टेबलावर काळाभोर, काचेच्या दाराचा देखणा कॅबिनेट आहे. त्याला पंखे आहेत, वायरी आहेत, समोर पडदा आहे, की-बोर्डवर टॉवेल घातलेला आहे. फक्त आत प्रोसेसर नाही. एकेक सुटा भाग त्यांनी सहा वर्षांत हौसेनं जमवला, प्रोसेसर तेवढा 'पुढचा' बसवायचा म्हणून जागा रिकामी ठेवली. अक्कानं त्या जागेचा उपयोग शोधून काढला आणि आत खारीक-बदामाची बरणी ठेवली. आलेल्या माणसाला वाटतं काय मोठं मशीन आहे! दाजी दार उघडून बदाम काढून देतात.

एवढं सगळं हसण्यावारी चाललं होतं. पण हल्ली दाजींच्या बातम्यांचा सूरच बदलला. पूर्वी ते "यायलाय" म्हणत तेव्हा आवाजात लग्नघरची लगबग असे. अलीकडं ते दबक्या आवाजात बोलायला लागले, घरात कुणी आजारी असल्यासारखं. "पाव्हणं, जुन्या सिस्टीमला आता कुणी विचारत न्हाय. अपडेट बंद. चालंल तवर चालंल." नाही तर, "मेमरीचे भाव बघितले का? लई वाईट दिवस आले." मला आधी वाटलं, हे माझ्या दुकानातल्या मशीनबद्दल बोलतायत.

दाजींच्या डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीपेक्षा जरा लहान अशी एक डबी आहे. नऊ वर्षांपूर्वी ते कारखान्यात चक्कर येऊन पडले होते, तेव्हा बसवलेला पेसमेकर. दाजी त्याला 'आतला सीपीयू' म्हणतात आणि तो विषय तिथंच संपवतात. आम्हीही संपवत होतो. तर या उन्हाळ्याच्या तोंडाला तपासणीसाठी मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी छातीवर यंत्र धरलं, आकडे बघितले आणि म्हणाले, "बॅटरी संपत आलीय. तुमच्या हृदयाचा सगळा भार यावरच आहे. महिन्याभरात डबी बदलून घ्या, उशीर नको." दाजींनी विचारलं, "पुढचं मॉडेल कधी यायलंय?" डॉक्टर हसले. म्हणाले, बिनवायरीचे निघालेत, पण तुम्हाला हाच योग्य आहे. मी दाजींकडं बघितलं. त्यांचा उजवा पंजा हळूहळू वर येत होता.

"तडी," दाजी म्हणाले.

तो महिना कसा गेला ते आमचं आम्हाला ठाऊक. मी समजावलं, हात जोडले, भांडलो. दाजी शांतपणे सांगत, अमुक एक लहान यायलंय, तमुक एकाची बॅटरी वीस वर्षं चालणार म्हणं, आत्ता घाईनं बसवलं आन् पुढच्या महिन्यात नवं आलं तर? अक्का तर त्यांच्या जवळून हलतच नव्हती. सकाळी जाग आली की डोळे उघडायच्या आधी तिचा हात त्यांच्या छातीवर जायचा, हे तिनंच मला सांगितलं आणि सांगताना रडली. मी दुकानात बसायचो, ते गोल चक्र फिरताना बघायचो आणि उगीचच वाटायचं, आता हे थांबणार. एका दुपारी दाजी दुकानात आले, कोअरबद्दल काहीतरी सांगता सांगता मधेच गप्प झाले आणि टेबल धरून उभे राहिले. दोन-चार सेकंदच. मग घाम पुसून म्हणाले, "कुटं होतो मी?" माझ्या हातातली नुकती छापलेली पत्रिका चुरगळून गेली होती.

मी त्यांना घरी आणून सोडलं आणि अक्काला सगळं सांगितलं. ती उठली. टेबलाजवळ गेली, कॅबिनेटचं काचेचं दार उघडलं, बरणी काढून बाजूला ठेवली आणि तो रिकामा डबा उचलून दाजींच्या मांडीवर ठेवला.

"बघा," ती म्हणाली, "पंखे हायत, वायरी हायत, दार हाय, टॉवेल हाय. सगळं हाय. आतलं तेवढं न्हाय. अवो, माझं घर असं करून ठिवू नका."

आणि आत निघून गेली. दाजी तो डबा मांडीवर घेऊन बसले, लहान मूल घेतल्यासारखे. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "पाव्हणं, एक इचारू? हसू नका."

"विचारा की."

"प्रोसेसर बदलायचा तर मशीन बंद करावं लागतंय. चालू मशीनचा कुणी बदलतंय का? न्हाय. बंद करायचं, जुना काढायचा, नवा बसवायचा, मग चालू करायचं." त्यांनी स्वतःच्या खांद्याखाली बोट टेकवलं. "जुना काढल्यावर आन् नवा बसवायच्या आदी, मधी जे असतंय... तितं मी कुटं असतो हो? आन् परत चालू झालो न्हाई तर? मला लई भ्या वाटतंय."

सात वर्षं या माणसानं मला थांबवलं म्हणून मी मनातल्या मनात किती शिव्या घातल्या असतील! त्या क्षणी मला स्वतःची लाज वाटली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायलाही मला सुचलं नाही. पुढचा, त्याच्या पुढचा, त्याच्याही पुढचा, असं करत हा माणूस एवढे दिवस त्या मधल्या जागेपासून लांब पळत होता. मला तरी कुठं माहीत होतं, तिथं काय असतं ते! "चला," एवढंच म्हणालो, "डॉक्टरांनाच विचारू."

डॉक्टरांनी प्रश्न ऐकला आणि हसले नाहीत, याबद्दल मी त्यांचा जन्माचा ऋणी आहे. ते म्हणाले, "काका, तुम्हाला बंद करतच नाही. आधी बाहेरून तात्पुरती वायर जोडतो, ठोके तिच्यावर घेतो, मग जुनी डबी काढतो. झोपवत पण नाही. तेवढी जागा बधिर करतो. तुम्ही चालू, मशीन चालू." दाजींनी हे तीन वेळा वदवून घेतलं. मग माझ्याकडं वळून, ज्या आवाजात पूर्वी लीक झाल्याचं सांगायचे त्या आवाजात म्हणाले, "चालू मशीनमधी बदलतेत म्हणं!"

दोन दिवसांनी सकाळी त्यांना आत न्यायची वेळ झाली. कपाळाला विभूती, अंगात हिरवा झगा. अक्कानं त्यांचा चष्मा काढून घेतला आणि पदराच्या टोकात धरला. वॉर्डातल्या माणसानं स्ट्रेचरची गाडी हलवली, आणि माझ्या तोंडून, मला कळायच्या आत, शब्द निघून गेला, "तडी!"

गाडी थांबली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मला काहीच सांगायचं नव्हतं. फक्त ती गाडी त्या दारातून आत जाऊ नये असं वाटत होतं, बस्स. दाजी पडल्या पडल्या हसले. म्हणाले, "आता कसली तडी, पाव्हणं? आलंय न्हवं मॉडेल. चला की."

सगळं नीट झालं. दीड तासानं अक्कानं त्यांना पहिली हाक मारली तेव्हा म्हणतात कसे, "काय गं, लीक झालं का कुटं?" नव्या डबीची बॅटरी साधारण दहा वर्षं जाईल असं डॉक्टर म्हणाले. दाजींनी तिथंच बोटांवर मोजत दहा वर्षांत किती प्रोसेसर येणार त्याची यादी सुरू केली. घरी आल्यावर अक्कानं बदामाची बरणी कॅबिनेटमध्ये परत ठेवली. तिला तो रिकामा बघवत नव्हता.

माझं मशीन मात्र तेच आहे. लोक म्हणतात, आता तरी घ्या, दाजींचं झालं ना बदलून. परवा मी कॉम्प्युटरच्या दुकानापर्यंत जाऊन परत आलो. घेतलं तर दाजी सकाळी सात वाजता मला काय सांगणार? काल सात वाजले, सव्वासात झाले, फोन नाही. मी मोबाइल हातात घेऊन नुसता उभा. लावायचा धीर होत नव्हता, कारण उचलला नाही तर? साडेसाताला वाजला.

"पाव्हणं, ऐकलं का? पाणी आलंतं, भरत बसलो म्हणून उशीर. लई जबरदस्त यायलाय बघा. पन दोन-तीन वर्सं जातील. थांबताव का?"

"मी थांबतो, दाजी," मी म्हणालो. "पण तुमी बी थांबायचं."

पलीकडं नळ बंद केल्याचा आवाज आला. मग दाजी म्हणाले, "व्हय की."