शेवटच्या रांगेपर्यंत पोचलेला आकडा

मुलांनो, आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोबाइल दुरुस्त करणाऱ्या भिंगवाल्यांचं दुकान आहे. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. सरळ उभं राहिलं की डोकं आपटतं. एका डोळ्याला सतत भिंग, म्हणून हे नाव. बोलणं मोजकं. कुणाच्या फोनमधला एक फोटोही त्यांनी कधी उघडून पाहिला नाही, आणि त्याच विश्वासावर वीस वर्षं घर चालवलं. त्या विश्वासाला मी नख लावलं.

माझा फोन त्यांनी दुरुस्त करून दिला, पण त्यातली जुनी नावं दिसेनात. मी नाटकात कामं करायचे तेव्हाचे आमचा प्रॉम्प्टर, रंगभूषाकार, पेटीवाले. निम्मे आता या जगात नाहीत. ती नावं मी सिमकार्डात साठवली होती. मी तडक दुकान गाठलं आणि कार्ड बदलल्याचा आरोप केला.

भिंगवाल्यांनी शांतपणे समजावलं. प्रत्येक सिमकार्डाला स्वतःचा एकोणीस-वीस आकडी नंबर असतो. आपला फोन नंबर वेगळा. कार्ड हरवलं तर तो नव्या कार्डावर जातो. हा मात्र त्या एकाच कार्डाचा, दुसऱ्या कुठल्याच कार्डाला नसतो. चिपच्या आत असतो आणि कार्डावर छापलेलाही असतो. ज्या मोठ्या प्लॅस्टिकमधून कार्ड तोडून काढलं, ते जपून ठेवलं असेल तर आणा, ताडून पाहू.

मी आणलं. आकडे मुंगीएवढे. त्यांनी भिंग पुढे केलं. माझे डोळे शाबूत आहेत, असं ऐकवून मी नंबर वाचला, खणखणीत, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असा. एक आकडा जुळेना. त्यांच्या हातातल्या कार्डावर आठ, माझ्या तोंडी तीन. दुकानाच्या बाकावर बसलेल्या शिलाईवाल्या बाईंनी दुरुस्तीला दिलेला आपला फोन परत मागून घेतला.

भिंगवाल्यांनी मी वाचलेला नंबर कागदावर मांडला. एकाआड एक आकडा दुप्पट केला, दोन आकडी आले ते सुटे केले आणि सगळ्यांची बेरीज केली. कार्डाचा नंबर खरा असेल तर या बेरजेच्या शेवटी शून्य येतं. आले पाच.

"काकू, असा नंबर कुठल्याच कार्डाचा नसतो. एखादा आकडा चुकीचा वाचला गेलाय."

"मला बेरजा शिकवू नका," म्हणत मी निघाले. काय ती ऐट! टाळ्याच तेवढ्या पडायच्या राहिल्या.

घरी चष्मा लावला. आठच होता.

दुसऱ्या दिवशी चष्मा लावूनच गेले. दारात उभ्या दोन-तीन गिऱ्हाइकांसमोर नंबर पुन्हा मोठ्याने वाचला आणि हात जोडले. भिंगवाल्यांनी फोनची दोन बटणं दाबली. फोन फक्त स्वतःतली नावं दाखवत होता. कार्डातलीही दाखव म्हटल्यावर प्रॉम्प्टरपासून सगळे हजर! झालं गेलं विसरा, ते म्हणाले. पण माझी नजर रिकाम्या बाकावर होती. खोटा प्रयोग पाहिलेला प्रेक्षक खऱ्या प्रयोगाला आलाच नव्हता.

पत्ता विचारत तीन जिने चढले. शिलाईवाल्या बाईंना सगळं सांगितलं, हळू आवाजात. त्या कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, ते कार्ड बदलतात असं मी चौघींना सांगून बसले."

"त्या चौघी राहतात कुठे, तेवढं सांगा," मी म्हटलं.