घाबरट मावशी

ओसानाई मित्सुएला देवानं सशाचं काळीज दिलंय, असं तिचा नवरा हयात असताना म्हणायचा. त्यानं काही वाढवून सांगितलं नव्हतं. उत्तरेकडच्या बर्फाळ त्सुगारू भागात, भातशेतांमधल्या मुलींच्या वसतिगृहात मित्सुए एकोणीस वर्षं मावशी होती. तेवीस मुली, दोन वेळचं जेवण, एक न्हाणीघर आणि या सगळ्याला पुरून उरेल एवढी तिची भीती. रॉकेलची शेगडी विझवून ती जिन्यापर्यंत जायची आणि विझली की नाही ते पाहायला परत यायची. कुणी शिंकली की तिला न्यूमोनिया झाला, कुणी गप्प बसली की तिचं लग्न मोडलं, असं मित्सुएचं गणित. मुली तिची नक्कल करायच्या. "मफलर घेतलास का गं?" असं तिच्याच आवाजात एकमेकींना विचारायच्या. मित्सुएला ते ठाऊक होतं. "हसा, हसा," ती म्हणायची, "पण मफलर घेऊन हसा."

जेरलिन ही एप्रिलमध्ये एका वर्षासाठी शिकायला आलेली फिलिपिन्सची मुलगी. इतक्या जणींसमोर उघडं होऊन अंघोळ करायची म्हटल्यावर ती पहिले चार दिवस न्हाणीघराकडे फिरकलीच नाही. मित्सुएनं मग महिनाभर तिला सगळ्यांच्या आधी एकटीला आत सोडलं आणि स्वतः दाराबाहेर स्टूल टाकून बसली. पोरगी गरम पाण्याच्या हौदात भोवळ येऊन बुडाली तर काय घ्या! कुठला कचरा कुठल्या पिशवीत टाकायचा हे जेरलिनला सहा महिने उमगलं नाही. नाश्त्याला तार सुटणारं आंबवलेलं सोयाबीन आलं की ती नाक दाबायची. पण सकाळी सुकी मासळी भाजायला घेतली की वासामागे स्वयंपाकघरात हजर.

"मावशी, आमच्या घरी पण असाच वास येतो. आणि खिडकीतून समुद्र."

"समुद्र लांबूनच बरा," मित्सुए म्हणायची आणि शेपटीकडचा कुरकुरीत तुकडा तिच्या हातावर ठेवायची.

पुढच्या दारापाशी लाकडी पाट्यांचा फळा होता. मुलगी आत असली की तिचं नाव काळ्या रंगात दिसायचं, बाहेर जाताना ती पाटी उलटायची आणि नाव लाल व्हायचं. गावाबाहेर जायचं असेल तर शुक्रवारपर्यंत अर्ज द्यायचा. मित्सुए येता-जाता फळा पाहायची. देवघरात दिवा जळतोय ना हे पाहावं, तसं.

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी दुपारी फळ्यावर एकही लाल नाव नव्हतं. दोनच्या सुमाराला वारा सुटला. त्या भागात वाऱ्याची दहशत बर्फवृष्टीपेक्षा जास्त. आभाळातून कणही पडत नसतो, पण शेतात साचलेलं भुसभुशीत बर्फ वारा उचलतो आणि मग पुढे केलेला स्वतःचा हात दिसत नाही. पण सगळ्या आत होत्या. मित्सुए चक्क गुणगुणत मुळा किसत होती.

चारला दाराच्या फटीतून बर्फ आत येऊ लागलं, म्हणून ती जुने टॉवेल घेऊन गेली. वाकली तेव्हा चपलांचं कपाट डोळ्यांसमोर आलं. जेरलिनच्या खणात तिचे घरात घालायचे निळे सपाते होते. बूट नव्हते.

तिनं फळ्याकडे पाहिलं. जेरलिनचं नाव काळं.

बूट वाळत घातले असतील, तिनं मनाला समजावलं. पण मन चिंती ते वैरी न चिंती. ती वर गेली आणि दार वाजवलं. आतून उत्तर आलं नाही. शेजारच्या खोलीतून नाओनं डोकं बाहेर काढलं. नाओ तिसऱ्या वर्षाची, सगळ्यांची ताई, जेरलिनची तर सावलीच.

"झोपलीय ती, मावशी. डोकं दुखतंय म्हणाली."

"बरं," म्हणून मित्सुए चार पायऱ्या उतरली आणि थांबली. या गारठ्यात फरशीवरून अनवाणी कोण फिरतं? ती परत वर आली.

"नाओ, माझ्याकडे बघ. कुठंय ती?"

नाओचा चेहरा पडला. "समुद्र बघायला गेली. सकाळच्या बसनं. अर्ज द्यायचा राहिला होता. आज आईचा वाढदिवस आहे, म्हणाली, पाण्यात हात घालून येते. तीनपर्यंत येणार होती... म्हणून मी पाटी पुन्हा काळ्या बाजूला फिरवली."

मित्सुए खाली फोनकडे धावली. तिनं जेरलिनला फोन लावला. बंद. गारठ्यात तो पोरीच्या खिशात केव्हाच मेला असणार. मग तिनं बसच्या कचेरीत फोन केला.

"परदेशी मुलगी ना? उतरली तुमच्या थांब्यावर, पावणेचारला," तिकडचा माणूस म्हणाला. "ती शेवटची गाडी, बाई. आता सगळं बंद केलंय."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटं झाली होती. थांब्यापासून वसतिगृहापर्यंत सरळ रस्ता, सात मिनिटांचा. दोन्ही बाजूंना नुसती शेतं.

अग्निशमन केंद्रातला माणूस म्हणाला, बर्फ काढणारं यंत्र पुढे घालून यायला तास लागेल, आणि कुणीही बाहेर पडायचं नाही. तोपर्यंत नाओनं बूट चढवले होते. मित्सुएनं तिचं मनगट धरलं.

"सोडा, मावशी! माझ्यामुळे झालंय!"

"दोन हरवल्या तर मी दोन घरी फोन करायचे का? बस खाली!"

त्या बाईला कुणी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. नाओ मटकन बसली.

मित्सुएचे वडील असेच गेले होते. ती नऊ वर्षांची होती. गोठ्यातून घरात यायला निघाले आणि दुसऱ्या दिवशी दारापासून तीस पावलांवर सापडले. आई रात्रभर दिवा घेऊन दारात बसून होती. शेजाऱ्यांची झोप कशाला मोडायची, म्हणून तिनं साधी हाकसुद्धा मारली नव्हती. वाऱ्यात दिवा काय दिसणार? लोकांना त्रास नको, हे मित्सुएही पुढे जन्मभर पाळत आली. वसतिगृहात मोठ्यानं दार लावलं तरी ती ओठांवर बोट ठेवायची. आणि आता, चोपन्न वर्षांनी, तिला आईचा असा राग आला की कानशिलं तापली.

ती स्वयंपाकघरात धावली. भाताचं मोठं पातेलं आणि डाव घेऊन तिनं पुढचं दार उघडलं. बर्फ भसकन आत घुसलं. तिनं पातेल्यावर पहिला घाव घातला.

"बघताय काय? वाजवा! मिळेल ते वाजवा!"

मुली कढया, झाकणं, बादल्या घेऊन आल्या. एकीनं आगीची घंटा आणली. शंभर मोजेपर्यंत सगळ्यांनी बडवायचं, मग वीस मोजेपर्यंत गप्प राहून कान द्यायचा. मित्सुए मोजत होती. गप्प राहण्याचे ते वीस आकडे सगळ्यात वाईट. वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. एकीला रडू फुटलं. "रड, पण हात चालव," मित्सुए म्हणाली. अंधारू लागलं. डाव धरलेला हात बधिर झाला, तेव्हा तिनं दुसऱ्या हातात घेतला. आपण एका मेलेल्या पोरीला हाका मारतोय, असं तिच्या मनात येत होतं आणि ती आणखी जोरात मारत होती.

सतराव्यांदा गप्प झाल्या तेव्हा कुठून तरी खोकल्याचा आवाज आला. रस्त्याकडून नव्हे. मागच्या अंगानं, तळ्याच्या बाजूनं. भिंतीला हात लावत एक पांढरा आकार कोपऱ्यावर आला आणि पायरीवर कोसळला.

पोरींनी तिला आत ओढलं, ओले कपडे काढून रजयांत गुंडाळलं. मित्सुएनं तिचे पाय आपल्या पोटाशी धरले. रुग्णवाहिका निघालीय, असा फोन आला. पंधरा-वीस मिनिटांनी जेरलिनच्या तोंडून शब्द फुटले.

"मला ऊब वाटायला लागली होती, मावशी. वाटलं, जरा बसावं. मग एक कठडा हाताला लागला. मला वाटलं, आपल्याच पायऱ्यांचा. एक पाय पलीकडे टाकलाही होता. तेवढ्यात पाठीमागून आवाज आला. पाठीमागून कसा, ते कळेना, म्हणून वळले."

मागच्या बाजूला कठडा एकच होता, तळ्याचा. खालून झऱ्याचं पाणी येत असल्यानं त्या तळ्यावरचं बर्फ मांजराच्या वजनानंही फुटतं, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं.

नाओनं जमिनीला कपाळ टेकलं. "चुकलं, मावशी. तुम्ही उगीच घाबराल म्हणून मी पाटी फिरवली."

"उगीच?" मित्सुएनं जेरलिनचे पाय आणखी घट्ट धरले. "अगं, मी घाबरते म्हणून तर मोजते. माझ्या भीतीची दया नका करू गं. मला खरं कळू द्या, मग खुशाल घाबरू द्या."

मग तिला काय वाटलं कोण जाणे. तिनं मान वर करून भोवतीच्या सगळ्या मुलींकडे पाहिलं.

"याआधी कुणी कुणी फिरवलीय अशी पाटी? रागावणार नाही. हात वर करा."

मग कोपऱ्यातून एक हात वर झाला. मग दुसरा. पहिल्या वर्षाच्या मुलींनी एकमेकींकडे पाहिलं आणि त्यांचेही झाले.

मित्सुए मोजत गेली. अकरापर्यंत मोजून ती थांबली. हात अजून वर होतच होते, पण पुढे मोजायचा तिला धीर झाला नाही.